न बोलावता उठलेली लंगडी

१

थोरला मेला तो कागदाखाली.

कागद म्हटलं की वाऱ्यावर उडणारं चिटोरं डोळ्यांपुढे येतं. पण त्या गोदामातलं कागदाचं एकेक रीळ असं होतं, की चार पैलवान एका बाजूने लागले तरी ते त्यांच्याकडे दयेने बघायचं. ही रिळं वाहायला रुळांवरच्या चार गाड्या होत्या. त्यांना ड्रायव्हर नव्हता, नुसता प्रोग्राम होता. कामगारांनी गाड्यांना नावं ठेवली होती: राणी, ढमी, मुकी आणि लंगडी. सगळ्यात नवी लंगडी. तिचं एक चाक पहिल्या दिवसापासून अडखळायचं, म्हणून हे नाव.

त्या लंगडीने भर दुपारी शेवटच्या गल्लीत शिरून थोरल्याला रुळावरच गाठलं. तो रुळात अडकलेला फाटका कागद ओढून काढत होता. गल्लीच्या तोंडाशी लाल खुंटी खाली ओढलेली होती. खुंटी खाली म्हणजे आत माणूस आहे, गाडीने यायचं नाही. ती थोरल्याने स्वतःच्या हाताने ओढली होती, आणि त्याला बाहेर काढलं तेव्हाही ती खालीच होती.

थांबलेल्या गाडीला उठवायची घंटा काचेच्या खोलीत होती, आणि त्या खोलीत त्या वेळी एकच माणूस बसला होता. थोरल्याचा सख्खा धाकटा भाऊ.

एवढं सांगून वहिनी थांबली. थोरल्याच्या बायकोला अख्खी इमारत वहिनी म्हणायची, म्हणून वरच्या मजल्यावरच्या बाईही म्हणत.

बाईंनी आयुष्यभर पोरांना प्रोग्राम लिहायला शिकवलं होतं. त्यांच्या लाल पेनाची दहशत अशी, की वर्गाच्या खिडकीबाहेरच्या झाडालासुद्धा म्हणे शेंगा ओळीने यायच्या. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. ते झाड आता तोडलंय, तपासायला जाता येणार नाही.

"बाई, मला एवढंच सांगा," वहिनी म्हणाली. "मी माझ्या दिराचं तोंड बघू की नको?"

"तो काय म्हणतो?"

"घरी येतच नाही. गोदामाच्या फाटकापाशी बाकावर बसून असतो. उद्या सकाळी पोलिसांत जाऊन सांगणार आहे, माझ्या हातून झालं म्हणून."

"झालं असेल तर?"

"तर हे दार त्याला बंद." वहिनीने पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. "आणि झालं नसेल, तर मला तेवढं एकच माणूस उरलंय."

जिन्यात पाऊल वाजलं. वहिनी बोलता बोलता उठली, दारापाशी गेली, दारातल्या भिंगातून बाहेर बघितलं आणि परत येऊन बसली. जरा वेळाने पुन्हा पाऊल. पुन्हा उठली, बघितलं, बसली.

"कोणाची वाट बघतेस गं?"

"कोणाची नाही. कान ऐकत नाहीत माझं." ती खाली बघत म्हणाली. "हे कामावरून आले असं वाटून अंग आपलं आपण उठतं. उठल्यावर बघते. कोणी नसतं. मग बसते."

बाईंनी चष्मा पुसला. चष्म्याला काही झालं नव्हतं.

"आणि बाई, ते सांगायचंच राहिलं. मशीनमध्ये सगळ्या घंटांची नोंद राहते. त्या वेळची लंगडीची घंटा त्यात नाहीच."

"नाहीच?"

"नाही. साहेब म्हणतात, धाकट्याने पुसली."

२

गोदामाच्या फाटकापाशी आभाळ असं खाली आलं होतं, की उंच माणसाने टोपी काढूनच चालावं. बाकावर धाकटा बसला होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक घर चुकलेली. बाईंना बघून तो उठला.

"बस. आणि बटणं नीट लाव आधी."

त्याने मुकाट्याने लावली.

"बाई, वहिनीने पाठवलं का?"

"मी आपली आले. काय झालं ते सांग. झालं असेल ते नको, झालं तेच सांग."

"दादा आत होता, मला ठाऊक होतं. लंगडी रीळ घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली आणि खुंटी खाली बघून झोपली. आम्ही झोपली म्हणतो, म्हणजे थांबली. खुंटी वर गेली की माझ्यासमोर दिवा लागतो, मग मी घंटा द्यायची. घंटा म्हणजे नुसतं बटण, आवाज होत नाही. त्या दिवशी दादाला फार वेळ लागला, एरवी इतका लागत नाही. मी पाण्याची बाटली घ्यायला वळलो. आणि मग रुळांना तेल घालणाऱ्या मिस्त्रींची हाक ऐकू आली."

"बटण दाबलंस?"

"कोपर लागलं असेल. टेबल अरुंद आहे."

"लागल्याचं आठवतं?"

"नाही. पण दुसरं काय असणार? लंगडी आपली आपण थोडीच..."

"का थांबलास?"

"दादाची आठवण आली. मागे एकदा लंगडी अशीच झोपली होती. कोणीतरी खुंटी खाली ओढून विसरून गेलं होतं, गल्ली रिकामीच होती. बराच वेळ झाला, आणि ही बया उठून आत जाऊन आली. दादा म्हणाला, तूच हिला हाका मारतोस आणि विसरतोस, लग्न कर आता." त्याच्या तोंडावर हसू येऊ बघत होतं, त्याला वाट मिळाली नाही. "मी आईची शपथ घेऊन सांगितलं, मी घंटा दिली नव्हती. तेव्हा तो हसायचा थांबला. म्हणाला, सांगून ठेवतो."

"कोणाला?"

"ते मी विचारलं नाही."

बाईंनी काठी जमिनीवर टेकवली. "नोंद पुसलीस का?"

"कसली नोंद?" धाकट्याने विचारलं, आणि विचारताना त्याचं तोंड इतकं कोरं होतं की बाईंना शिकवण्याच्या दिवसांची आठवण झाली. धडाच न वाचलेल्या पोराचं तोंड असं असतं. त्याची नक्कल करता येत नाही.

ज्याला घंटा दिल्याचं आठवत नाही तो ती पुसायला कशाला जाईल? आणि ज्याने आठवून पुसली, तो कोपर लागलं असेल असं स्वतःहून कशाला सांगेल?

दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं. मग गाडीला उठवलं कोणी?

३

गोदामाचे साहेब हे इतके नीटनेटके गृहस्थ होते की त्यांच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा एकसारख्या अंतरावर पडत. थोरल्याच्या बायकोच्या वतीने आलेल्या बाईला नाही म्हणणं त्यांना बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांनी खुर्ची दिली. मनात मात्र फाटक दाखवलं असावं.

"मेन स्विच बंद करून मग आत का सोडलं नाही?" बाईंनी बसता बसता विचारलं.

"स्विच बंद केला की चारही गाड्या पुन्हा मार्गी लागायला फार वेळ जातो. थोरल्याने त्यावरून माझ्याशी वादही घातला होता, लपवत नाही. पण खुंटी पुरेशी आहे असं मला सांगितलं गेलं."

"कोणी?"

"मी, बाई."

दारात उभ्या असलेल्या माणसाला बाईंनी आवाजावरून ओळखलं. त्यांच्या वर्गात हा नेहमी पहिला यायचा. बाई त्याला पहिला नंबर म्हणत, आणि ते नाव त्याला असं चिकटलं की इथल्या कामगारांनीही तेच उचललं होतं. केस विरळ झाले होते, उभं राहायची पद्धत तीच. हात मागे, मान किंचित पुढे, शाबासकीच्या उंचीवर.

"गाड्यांचा प्रोग्राम तू लिहिलास?"

"तुम्ही शिकवलेलंच वापरलंय. प्रत्येक गाडीचा एक धागा, चारही एकाच वेळी चालतात. कोणाला थांबायचं असेल तर उगाच डोळे ताणून बसायचं नाही. झोपायचं, आणि दुसऱ्याने उठवायचं."

पुस्तकात त्या युक्तीला कंडिशन व्हेरिएबल म्हणतात. बाई वर्गात त्याला उठवणी म्हणायच्या, कारण ते जड नाव ऐकून मागच्या बाकावरची पोरं खरंच झोपायची.

"दाखव."

त्याने पडद्यावर प्रोग्राम उघडला. बाई नाक काचेला लागेपर्यंत वाकल्या. राणी, ढमी, मुकी: तिघींचं सारखंच होतं. खुंटी बघ, खाली असेल तर झोप, कोणी उठवलं तर पुन्हा खुंटी बघ, अजून खाली असेल तर परत झोप. मग लंगडीचं आलं. खुंटी बघ, खाली असेल तर झोप, कोणी उठवलं की चालू लाग.

बाईंचं बोट पडद्यावर थांबलं.

"ही उठल्यावर खुंटी बघत नाही."

"नवी गाडी, घाईत लिहिलं." तो जरा गोरामोरा झाला. "पण त्याने काय बिघडतं, बाई? घंटा देणारा दिवा बघूनच घंटा देतो. तो चुकला नाही, तर ही कशी चुकेल? तिला उठवलंच नाही तर ती चालणार कशी?"

लंगडी आंधळेपणाने चालली हे खरं, पण चालण्याआधी तिला कोणीतरी उठवायला हवं होतं, आणि उठवायचं बटण एकाच माणसाच्या कोपराशी होतं.

"नोंद पुसता येते?"

"काचेच्या खोलीतून येते," पहिला नंबर म्हणाला, आणि हळूच पुढे जोडलं, "फक्त तिथूनच."

साहेबांनी हात पसरले. "बघा. मला त्या पोराची दया येते. पण उठवणारा दुसरा कोणी नाही."

बाई जिना उतरल्या तेव्हा आल्या होत्या त्यापेक्षा जास्त पुरावा त्या पोराच्याविरुद्ध घेऊन उतरल्या होत्या.

४

गोदामाच्या आत उजेड असा होता, की तो आदल्या दिवशीचा उरलेला वाटावा. कागदाची बारीक धूळ हवेत तरंगत होती. एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली लंगडी उभी होती. तिच्या जवळून जाताना कामगार नजर दुसरीकडे फिरवत.

मिस्त्री रुळाच्या कडेला उकिडवे बसून तेल घालत होते. मिस्त्री आणि थोरला यांनी वर्षभर एकमेकांशी एक शब्द बोलला नव्हता. भांडण कशावरून झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण त्यामुळे त्यात खंड पडला नव्हता.

"तुम्हीच पहिले पोचलात म्हणे," बाई म्हणाल्या.

"पोचून काय उपयोग?" मिस्त्रींनी वर न बघता म्हटलं. "माझं त्याचं जमत नव्हतं हे तुम्हाला कोणीतरी सांगितलंच असेल. सांगू दे. डबा खाताना समोरासमोर बसायचो मात्र. दुसऱ्या कोणाबरोबर गप्प बसायला मला आवडत नाही."

पलीकडे ढमी गल्लीच्या तोंडाशी थांबली होती. खुंटी वर होती, गल्ली रिकामी होती. काचेच्या खोलीतल्या नव्या माणसाने बटण दाबलेलं इथून दिसलं. ढमी हलली नाही. मिस्त्रींनी दोन बोटं वर करून त्याला खूण केली. त्याने पुन्हा दाबलं. ढमी निघाली.

"हे काय?"

"दुसरी घंटा. या गाड्यांचा जुना रोग आहे. मधूनच एखादी पहिली घंटा ऐकत नाही, झोपूनच राहते. दुसरी दिली की उठते. इथे नवा माणूस आला की आधी हेच शिकवतो आम्ही: हाकेला ओ नाही आली तर रागवायचं नाही, पुन्हा हाक मारायची."

हा रोग बाईंना चांगला ठाऊक होता. गाडी खुंटी बघते, खाली दिसते, ती डोळे मिटायला घेते. नेमकी त्याच निमिषात खुंटी वर जाते आणि घंटा होते. गाडी अजून पुरती झोपलेली नसते, म्हणून उठवणी वाया जाते. मग ती झोपते, आणि जी घंटा होऊन गेली तिची वाट बघत राहते. त्यावर औषधही आहे. बघणं आणि झोपणं या दोन्हींना मिळून एक कुलूप घालायचं, म्हणजे मधल्या फटीत घंटा शिरतच नाही. पण ते काम चिकाटीचं आहे, घाईचं नाही.

"पहिल्या नंबराला सांगितलं नाहीत?"

"वर्षभर सांगितलं. मध्ये गेला की रोग. मालक पाहुणे घेऊन गाड्या बघायला येणार होते, त्याच्या जरा आधी. काय जादू केली कोणास ठाऊक. झोपलेली गाडी थोड्या वेळाने आपली आपण उठायची. दुसरी घंटा द्यायला लागत नव्हती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या."

"मग आता?"

मिस्त्रींनी तेलाची बुधली खाली ठेवली. "आता परत सुरू झालं. थोरला गेल्यावर गाड्या पुन्हा चालू केल्या तेव्हापासून. पोरं म्हणतात, गाड्यांनी जिवाला लावून घेतलंय." त्यांनी नाक ओढलं. "मला पटत नाही. पण मी बोलत नाही त्यांना काही."

बाई ताडपत्रीकडे बघत उभ्या राहिल्या. कुठेतरी पाऊल वाजलं, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे एकदम वहिनी उभी राहिली. बोलता बोलता उठणारी, भिंगातून बघणारी, परत येऊन बसणारी. तिला तरी कोणी हाक मारली होती?

"मिस्त्री, एक आठवून सांगा. थोरला जायच्या आधी पहिल्या नंबराला भेटला होता का?"

"गेला होता. पाहुणे आले त्याच दिवशी. दारातूनच परत पाठवला त्याने. नंतर बघतो म्हणाला."

"कशासाठी गेला होता?"

"मला कसं ठाऊक असणार?" मिस्त्री म्हणाले. "आम्ही बोलत नव्हतो."

५

काचेच्या खोलीत माणसं जेमतेम मावली. साहेब दाराशी, मिस्त्री भिंतीला टेकून, पहिला नंबर खिडकीपाशी. धाकट्याला बाईंनी फाटकावरून हाताला धरून आणलं होतं. तो आपल्याच जुन्या खुर्चीकडे परक्यासारखा बघत होता. वहिनीला बाईंनी निरोप पाठवला होता. ती आली आणि दिराकडे पाठ करून उभी राहिली.

"आपण गाडी गाडी खेळू," बाई म्हणाल्या.

साहेबांच्या आठ्यांची रांग विस्कटली. "बाई, इथे माणूस गेलाय."

"म्हणूनच खेळायचं. मिस्त्री, तुम्ही ढमी. पहिला नंबर, तू लंगडी. ही माझी काठी म्हणजे खुंटी; आडवी धरली की खाली. डोळे मिटा दोघांनी."

काय करतील, मिटले. बाईंपुढे थोरामोठ्यांचे डोळे मिटलेले आहेत.

बाईंनी काठी आडवी धरली आणि कोणाला काही न सांगता दोघांच्याही दंडाला एकेक चिमटा काढला. दोघांनी डोळे उघडले. दोघांनी आधी काठीकडे बघितलं. कोणीच जागचं हललं नाही.

"आता घंटा झाली का?" बाईंनी धाकट्याला विचारलं.

"नाही. तुम्ही चिमटा काढलात."

"आणि चिमट्याची नोंद कुठे राहील?"

धाकटा गोंधळून म्हणाला, "कुठेच नाही. नोंद बटणाची राहते."

पहिला नंबर दंड चोळायचा थांबला होता.

"उठवणारा दुसरा कोणी नाही, असं साहेब म्हणाले," बाई सांगू लागल्या. "मीही ते धरून बसले होते. पण गाड्यांचा रोग मध्ये बरा झाला होता. तो खरा बरा झाला असता, तर परत आला नसता. म्हणजे मुळावर औषध झालंच नव्हतं. वरवरची काहीतरी सोय केली होती. झोपून राहणाऱ्या गाड्यांवर सगळ्यात सोपी सोय कोणती? थोड्या थोड्या वेळाने सगळ्यांना एक चिमटा काढायचा. जिची घंटा हुकली असेल ती उठेल, खुंटी वर बघेल आणि निघेल. जिची खुंटी खाली असेल ती उठेल, बघेल आणि परत झोपेल. कोणाचं काही बिघडत नाही."

"मग?" साहेबांनी विचारलं.

"उठल्यावर बघणारीचं बिघडत नाही." बाई वहिनीकडे वळल्या. "तू बघतेस. पाऊल वाजलं की तुझं अंग उठतं, पण तू भिंगातून बघितल्याशिवाय दार उघडत नाहीस. ढमी, राणी, मुकीही बघतात. लंगडी बघत नाही. तिला कोणी उठवलं की ती चालू लागते. एरवी ती पळभर झोपायची, त्यामुळे चिमट्याला ती कधी सापडत नव्हती. एकदा रिकाम्या गल्लीपाशी सापडली, तेव्हा ती आत जाऊन आली आणि सगळे हसले. त्या दुपारी कागद रुळात घट्ट अडकला होता. थोरल्याला वेळ लागला, लंगडी फार वेळ झोपली, आणि चिमटा आला. खुंटी खाली होती. तिने बघितलीच नाही."

वहिनीने भिंतीला हात लावला.

"म्हणून नोंदीत घंटा नाही. कोणी पुसलेली नाही. ती झालीच नव्हती."

"पण चिमटा आत्ता प्रोग्राममध्ये कुठे आहे?" पहिल्या नंबराने विचारलं. "तुम्ही स्वतः बघितलंत."

"नाही, नाहीये. थोरला गेल्यावर तू काढून टाकलास, आणि काढल्याची खूणही ठेवली नाहीस. पण प्रोग्राममधून चिमटा गेला तसा गाड्यांचा रोग उघडा पडला. ही पोरं पुन्हा दोनदा घंटा देऊ लागली. तुझा पुरावा या गोदामात दिवसभर झोपा काढतोय रे. प्रोग्राममध्ये चिमटा घालू शकणारा माणूस एकच, काढून टाकू शकणाराही तोच. आणि त्यात अपघाताचं कारण आहे हे कळल्याशिवाय कोणी तो घाईने काढणार नाही."

पहिला नंबर मागे हात बांधून उभा होता, मान पुढे. शाबासकी कुठेच नव्हती.

"पाहुण्यांसमोर एखादी झोपून राहिली असती, बाई," तो शेवटी म्हणाला. "कुलूप नीट घालायला सगळं उलगडावं लागलं असतं. वेळ नव्हता. मी कोणाला मारायला नव्हतं केलं."

"ते मला माहीत आहे. त्या चुकीचा मला राग नाही आला. थोरला तुला सांगायला आला होता, लंगडी न बोलावता चालते म्हणून. तू त्याला दारातून परत पाठवलंस."

"पाहुणे होते."

"पाहुणे गेल्यावर?"

तो खिडकीकडे वळला.

"आणि नंतर हा," बाईंनी काठीने धाकट्याकडे दाखवलं, "आपल्याच कोपरावर संशय घेत बाकावर बसला होता. उद्या पोलिसांत जाणार होता. तू रोज त्याच फाटकातून आत येत होतास. तिथे राग आला मला."

मिस्त्री रुळावर आपटावेत तसे बूट जमिनीवर आपटत बाहेर गेले. साहेब भिंतीवरच्या मेन स्विचकडे बघत होते. तो स्विच थोरल्याने मागितला होता, याची त्यांना कोणी आठवण करून द्यायची गरज नव्हती.

"पोलिसांत सकाळी तूच जा," बाई पहिल्या नंबराला म्हणाल्या. "आणि आज बसून कुलूप नीट घाल. मी शेजारी बसते. झोपलेल्याला जागं करणं सोपं असतं. वर्गात ते तू सगळ्यात आधी शिकलास. पुढचं शिकलास की नाही ते मी विचारलंच नाही, कारण तू पहिला नंबर होतास."

वहिनी अजून दिराकडे पाठ करून उभी होती. ती तशीच दाराबाहेर पडली.

६

मिस्त्री ताडपत्री ओढून लंगडीवर पुन्हा नीट बांधत होते तेव्हा बाई घरी निघाल्या. डोळे पडद्याने लाल झाले होते, पण कुलूप बसलं होतं. ढमीला त्यांच्यादेखत एकच घंटा दिली आणि ती निघाली होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

संध्याकाळ उतरली होती. कामावरून माणसं परतायची तीच वेळ. बाई जिना चढू लागल्या तर खालच्या वळणावर धाकटा बसलेला. पायांत पाय गुंतवून, जिन्याच्या कठड्याला डोकं टेकून.

"वर का जात नाहीस?"

"काय सांगू जाऊन? की माझं कोपर नव्हतं? ते तिने ऐकलंच आहे." त्याने तोंडावरून हात फिरवला. "कोपर नसलं तरी मी तिथेच होतो ना, बाई. मला काचेतून काही दिसलं नाही. लंगडीचं ते चाक एवढं वाजतं, ते सुद्धा ऐकू आलं नाही. दादाला आलं असेल का?"

ज्याचं उत्तर नाही तिथे फळ्यावर काहीतरी लिहून ठेवण्याची बाईंना सवय नव्हती. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून स्वतःला वर ढकललं, म्हातारी माणसं कठड्याला धरतात तसं, आणि त्याला उठावंच लागलं. एकेक पायरी दोघं चढले. काठी, पाऊल, पाऊल.

वहिनीच्या दारापुढच्या पायऱ्यांवर बाई मुद्दाम मागे राहिल्या. धाकटा पुढे गेला आणि दारापुढे उभा राहिला. कडी वाजवायला हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. वाजवेना.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कोणी हाक मारली नव्हती, कडी वाजली नव्हती. जिन्यात पाऊल वाजलं होतं तेवढंच. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. भिंगातला उजेड गेला. कोणीतरी डोळा लावला होता.

आता ती परत जाऊन बसेल, असं बाईंना वाटलं. रोज बसते तशी. बाहेर थोरला नव्हता, आणि भिंगाला खोटं बोलता येत नाही.

पावलं मागे फिरली नाहीत. बराच वेळ भिंग काळंच राहिलं. मग आतली कडी सरकली आणि दार उघडलं.

"बटणं पुन्हा चुकलीत तुझी," वहिनी म्हणाली. "आत ये."